किल्ल्याच्या पायथ्याशी सौर बंब

शिंद्यांच्या छावणीतील आमच्या वाड्यात हिवाळ्यात रोज सुमारे ३०० लिटर गरम पाणी लागते. खाली आमचे एकत्र कुटुंब, वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडे, घरात मामंजी आणि सासूबाई यांच्यासारखी वयस्क माणसे; ग्वाल्हेरच्या थंडीत पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा गरम पाण्यावाचून भागत नाही. पूर्वी न्हाणीघराशेजारच्या खोलीत तांब्याचा मोठा बंब पेटत असे. पुढे लाकूड महागले, धुराने सासूबाईंचा दमा वाढू लागला, म्हणून बंब बंद झाला आणि प्रत्येक बिऱ्हाडाने आपापला गिझर किंवा बादलीत सोडायचा हीटर आणला. जुन्या वाड्यातील वायरिंग एवढ्या भारासाठी केलेले नव्हते. सकाळच्या घाईत फ्यूज उडणे नित्याचे झाले, आणि एका भिंतीतील वायर तापून तिचे आवरण वितळलेले दिसले तेव्हा सर्वांनी एकत्र बसून ठरवले, की गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापवणारी यंत्रणा, म्हणजे रोजच्या बोलण्यातला सौर बंब, बसवायचा. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले असल्यामुळे हिशेब आणि कागदपत्रे माझ्याकडे आली. बांधकामाची बाजू धाकट्या भावोजींनी घेतली.

घर दुसरीकडे कुठे असते, तर एवढ्यावर काम मार्गी लागले असते. परंतु आमच्या ईशान्येला ग्वाल्हेरच्या किल्ल्याची टेकडी उभी आहे. उरवाई दरवाज्याच्या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती, पंधराव्या शतकात डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळात घडवल्या गेलेल्या, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास या टेकडीच्या दक्षिणेला तळ दिला आणि त्या तळाचे लष्कर हे शहर झाले. आमच्यासारखी मराठी घरे त्याच ओघात येथे आली. तटावर उभे राहिले की या साऱ्या वस्तीच्या गच्च्या खाली पसरलेल्या दिसतात. आपण गच्चीवर जे ठेवतो ते किल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडते, आणि ज्या शहराने आपल्याला इतक्या पिढ्या सांभाळले त्याच्या दर्शनी रूपाचा विचार आपण करायलाच हवा, असे मला मनापासून वाटते.

कायद्याचा भाग मी आधी नीट वाचून घेतला. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५८चा आहे, आणि २०१०च्या दुरुस्तीने त्यात संरक्षित स्मारकाभोवतीची क्षेत्रे स्पष्टपणे आखून दिली आहेत. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून चारही दिशांना १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढचे आणखी २०० मीटर विनियमित. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: हे अंतर दरवाज्यापासून किंवा एखाद्या मंदिरापासून मोजायचे नसते, तर संरक्षित हद्द जिथे संपते तिथून मोजायचे असते. आमच्या गल्लीतील बहुतेकांची समजूत अशी होती, की उरवाई दरवाजा लांब आहे, तेव्हा आपला या नियमांशी संबंध येत नाही. नकाशावर मोजल्यावर आमचा वाडा विनियमित क्षेत्रात निघाला. या क्षेत्रात बांधकामाला मनाई नाही, मात्र सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि ती न घेता काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे.

सौर बंबाचे नाव त्या कायद्यात कुठेही नाही. बांधकामाच्या व्याख्येत इमारतीला उभ्या किंवा आडव्या दिशेने घातलेली कोणतीही भर येते. गच्चीवर उभी केलेली लोखंडी चौकट आणि तिच्यावरची टाकी ही भर मानायची की घरातील साधे उपकरण मानायचे, यावर आमच्या घरी बराच खल झाला. मामंजींनी विषय एका वाक्यात मिटवला. ते म्हणाले, "सूनबाई, ज्यांना ठरवायचा अधिकार आहे त्यांनाच विचारा, आपण आपल्या सोयीचा अर्थ काढू नये." मला ते पटले, आणि विचारायचेच तर नुसता प्रश्न न विचारता पूर्ण आराखड्यासह विचारावे, असे आम्ही ठरवले.

त्याआधी एका विक्रेत्याचा माणूस येऊन गच्ची पाहून गेला होता. त्याने सुचवलेली रचना सर्वत्र दिसते तीच होती: जिन्याच्या खोलीच्या छतावर, म्हणजे वाड्याच्या सर्वांत उंच जागी, काचेच्या पोकळ नळ्यांचा संच आणि त्याच्या डोक्यावर आडवी टाकी. या रचनेत पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते आणि थंड पाणी खाली उतरते, म्हणून टाकी नळ्यांच्या वर असणे भागच असते. यंत्रणा साधी, स्वस्त आणि लाखो घरांत उत्तम चाललेली आहे. ती नाकारण्याचे कारण यंत्रणेत नव्हते, आमच्या जागेत होते.

ती उंची खरोखर कशी दिसेल हे कागदावर कळेना. म्हणून माझ्या मुलाने जिन्याच्या खोलीवर टाकीच्या उंचीइतका बांबू उभा केला, दुसरा बांबू खालच्या गच्चीवर कठड्यामागे उभा केला, दोन्हींना लाल फडकी बांधली, आणि आम्ही दोघे किल्ल्यावर गेलो. नैऋत्येकडच्या तटावरून वाडा शोधायला क्षणही लागला नाही, कारण वरचे लाल फडके साऱ्या छपरांच्या रेषेच्या वर फडफडत होते. कठड्यामागचे फडके दुर्बिणीतूनही मुश्किलीने सापडले. आम्ही दोन्हींची छायाचित्रे घेतली, उरवाईच्या रस्त्यावरून आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरूनही घेतली. मुलगा म्हणाला, "आई, इथे आधीच इतक्या काळ्या टाक्या दिसताहेत, त्यात आपली एक कोणाला कळणार?" टाक्या खरोखरच पुष्कळ आहेत. पण प्रत्येक घराने हाच हिशेब केला म्हणूनच त्या पुष्कळ झाल्या, असे मी त्याला सांगितले. त्यालाही ते पटले. पुढे अर्जाला जोडलेल्या कागदांत ही बांबूची छायाचित्रेच सर्वांत उपयोगी पडली.

गच्चीचीही स्वतःची अडचण होती. आमच्या वाड्याचे छत ग्वाल्हेरकडच्या जुन्या पद्धतीचे आहे: भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या वालुकाश्माच्या लांब पटिया आणि त्यांवर चुन्याचा कोबा. पटिया सारखा पसरलेला भार वर्षानुवर्षे वाहते, पण तिच्या मध्यावर एकाच जागी वजन पडले की तडा जाण्याचा धोका असतो, आणि दगड लोखंडासारखा आधी वाकून सूचना देत नाही. ३०० लिटर पाणी म्हणजेच ३०० किलो. टाकी आणि चौकट धरून हे वजन सहज साडेतीनशे किलोंच्या पुढे जाते. आमचे मिस्त्री या छतांवर आयुष्यभर काम केलेले आहेत. त्यांनी पटियांवर हातोडीने हलके ठोके देत आवाज ऐकला, दोन पटिया आधीच सैल झाल्याचे दाखवले आणि स्पष्ट सांगितले, की टाकी या छतावर ठेवू नये आणि पटियेला एकही भोक पाडू नये.

किल्ल्यावरून पाहिले तर टाकी खाली हवी होती, आणि छताच्या दृष्टीनेही ती खालीच हवी होती. तिथून आराखडा आपोआप सुचत गेला. टाकी तळमजल्यावर, जुन्या बंबाच्या खोलीत दगडी फरशीवर. गच्चीवर फक्त सपाट संग्राहक, म्हणजे काचेखाली काळ्या लेपाचा तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या नळ्या असलेल्या पेट्या. आणि दोहोंमध्ये पाणी फिरवणारा छोटा पंप. पंपाची रचना महाग पडते. आमच्याकडे आलेल्या दरपत्रकांत ती साध्या रचनेच्या जवळपास दीडपट होती. यावर घरात मतभेद झाले, आणि ते योग्यच होते, कारण पैसे सर्वांचे होते. थोरल्या जाऊबाईंनी वायरिंग बदलण्याचा खर्च आणि पटिया फुटली तर होणारा खर्च समोर मांडला, तेव्हा हा प्रश्न सुटला.

नळ्यांऐवजी सपाट पेट्या घेण्यामागे आणखी दोन कारणे होती. लष्करात माकडांचा उपद्रव असतो, आणि पेटीवरची कडक केलेली काच त्यांच्या उड्या झेलते, तर नळी फुटली की तो संच अडतो. दुसरे असे, की ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पाणी तापवण्याची गरज नसते आणि ऊन मात्र भाजून काढणारे असते. अशा वेळी पोकळ नळ्या सपाट पेट्यांपेक्षा कितीतरी अधिक तापतात. गच्चीवर वीज बनवणारे पॅनेल लावून गिझर का चालवू नयेत, हा प्रश्नही निघाला. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना विजेच्या पॅनेलसाठी आहे, सौर बंबासाठी नाही. सौर बंबांवरचे केंद्राचे अनुदान २०१४ मध्येच थांबले. तरीही आमच्या मर्यादित जागेत उष्णतेचा थेट मार्गच योग्य होता. ३०० लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १४ युनिट ऊर्जा लागते. स्वच्छ हिवाळी दिवशी कललेल्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५ युनिट ऊन पडते आणि चांगला संग्राहक त्यातले निम्मे पाण्याला देतो, म्हणजे ६ चौरस मीटर, अर्थात २ चौरस मीटरच्या तीन पेट्या, पुरतात. तेवढ्याच जागेतील विजेच्या पॅनेलकडून याच्या निम्मीही ऊर्जा मिळाली नसती.

आता राहिला कठड्याचा आणि सावलीचा मेळ. आमचा कठडा सुमारे १ मीटर उंच आहे. पेट्या त्याच्या वर डोकावू नयेत, आणि कठड्याची सावलीही त्यांवर पडू नये, अशा दोन्ही अटी एकदम पाळायच्या होत्या. ग्वाल्हेर २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यासाठी पेट्यांना सुमारे ४० अंशांचा कल देणे उत्तम, कारण त्या दिवसांत सूर्य आकाशात खालून जातो; २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीही तो क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो (दोन्ही आकडे सारखे आले हा निव्वळ योगायोग). परंतु २ मीटर लांबीची पेटी ४० अंशांवर उभी केली की तिची वरची कड सव्वा मीटरच्याही थोडी वर जाते. ३० अंशांवर तीच कड बरोबर १ मीटरवर येते. कल कमी केल्याने डिसेंबरच्या माध्यान्हीचे ऊन चार-पाच टक्क्यांनी कमी मिळते, आणि किल्ल्यासाठी एवढे सोडून देण्याची आमची तयारी होती. सावलीचा हिशेब असा, की त्या दिवसांत १ मीटर कठड्याची सावली माध्यान्ही सुमारे १.२ मीटर आत येते, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला मात्र उत्तरेकडे सुमारे १.६ मीटरपर्यंत पोहोचते. म्हणून पेट्यांची खालची कड दक्षिणेच्या कठड्यापासून पावणेदोन मीटर आत घेतली. मी गच्चीवर खडूने रेघा मारून डिसेंबरच्या उन्हात त्या तपासल्याही होत्या.

टेकडीच्या सावलीची भीती घरातील पुष्कळांना वाटत होती. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि टेकडी आमच्या ईशान्येला आहे, त्यामुळे थंडीच्या दिवसांत तिचा अडथळा होतच नाही. ती ऊन अडवते ती उन्हाळ्यातील सकाळी, जेव्हा गरम पाणी कोणाला नको असते. पेट्यांची तोंडे दक्षिणेला असल्यामुळे काचेची चमकही किल्ल्याच्या दिशेला जात नाही, हा मुद्दा मी अर्जात आकृतीसह लिहिला.

अर्जासोबत मालकीची कागदपत्रे, वाड्याचे स्थान दाखवणारा नकाशा, आताचा आणि प्रस्तावित छेद (म्हणजे वाडा उभा कापल्यासारखा दाखवणारी आकृती), चारही बाजूंची छायाचित्रे आणि यंत्रणेची मापे जोडली. अशा परवानग्यांमध्ये इमारतीची उंची जिन्याची खोली, कठडा आणि पाण्याची टाकी धरून मोजली जाते, म्हणून आताची कमाल उंची आणि काम झाल्यानंतरची कमाल उंची एकच आहे, हे वाक्य मी अगदी सुरुवातीला घातले. कायद्याने टप्प्यांची मुदत आखून दिली आहे: सक्षम अधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपले मत कळवायचे, आणि त्यानंतर महिनाभरात निर्णय द्यायचा. हे सर्व धरले तर साडेतीन महिने लागतात. ज्यांना थंडीपूर्वी काम उरकायचे आहे त्यांनी पावसाळ्याआधीच अर्ज करावा. आम्ही तसेच केले. मधल्या काळात एकदा छेदाच्या आकृतीवर उंचीचे आकडे अधिक स्पष्ट लिहून मागितले गेले, ते दिले. परवानगी आली तिच्यात कठड्याच्या वरच्या रेषेपेक्षा काहीही उंच जाऊ नये, अशी अट होती. आराखडा त्या अटीत आधीच बसत होता.

प्रत्यक्ष काम दसऱ्यानंतर सुरू झाले. प्रथम मिस्त्रींनी दोन सैल पटिया नीट बसवून घेतल्या आणि सांधे चुन्याने भरले. मग गच्चीच्या दोन भारवाही भिंतींच्या रेषेवर दोन लोखंडी तुळया टाकल्या आणि पेट्यांच्या चौकटी या तुळयांवर बोल्टने कसल्या, त्यामुळे सगळा भार आणि वाऱ्याचा ताण भिंतींवर गेला, पटियांवर काहीच आले नाही. नळ खाली कसे आणायचे याचे उत्तर बंबाच्या खोलीतच होते. जुन्या बंबाचे धुराडे भिंतीतून थेट गच्चीवर निघते. ते झाडून, काजळी काढून, त्यातून उष्णतारोधक वेष्टणातील तांब्याच्या दोन नळ्या आणि संवेदकाची तार खाली सोडली. दर्शनी भिंतीवर एकही नळ आलेला नाही आणि दगडाला एकही नवे भोक पडलेले नाही. भावोजींना ही कल्पना सुचली तेव्हा मिस्त्रींनी त्यांना शाबासकी दिली.

आमच्याकडे तिघऱ्याच्या धरणाचे नळाचे पाणी कमी पडले की बोअरचे पाणी वापरावे लागते, आणि ते जड आहे. तापवल्यावर त्यातील क्षार नळ्यांत थर धरतात आणि काही वर्षांत यंत्रणा मंदावते. म्हणून पेट्यांतून फिरणारे द्रव वेगळे ठेवले आहे: पाणी आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण बंद वर्तुळात फिरते आणि टाकीतील वेटोळ्यातून आपली उष्णता वापरायच्या पाण्याला देते. संग्राहक टाकीपेक्षा ८ अंशांनी तापला की नियंत्रक पंप सुरू करतो आणि फरक ३ अंशांवर आला की थांबवतो. पंपाला लागणारी वीज एखाद्या जुन्या दिव्याइतकी आहे. वीज गेली आणि द्रव जास्त तापले तर प्रसरणासाठी वेगळे भांडे आणि सुरक्षा झडप आहे. त्या झडपेच्या नळीचे तोंड माणसांच्या वावरापासून दूर, मोरीकडे वळवून घेण्याचा आग्रह मी धरला आणि इतरांनीही धरावा.

जानेवारीतील धुके हा या यंत्रणेचा खरा कस आहे. ग्वाल्हेरमध्ये कधी कधी सलग काही दिवस सूर्य नीट दिसत नाही. अशा दिवसांसाठी टाकीत ३ किलोवॅटचा विजेचा घटक बसवला आहे, आणि त्याच्यासाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणि नवे अर्थिंग केले आहे. तो पहाटे ठरावीक वेळीच चालतो. धुक्याच्या दिवसांत त्याच्याशिवाय भागत नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगायला हवे. विक्रेते ते सहसा सांगत नाहीत. मात्र स्वच्छ उन्हाच्या दिवशी सर्व बिऱ्हाडांच्या आंघोळी उरकूनही टाकीत कोमट पाणी शिल्लक असते, आणि वाड्यातील गिझर आता काढून टाकले आहेत. फ्यूज उडत नाही. सासूबाई सकाळी स्वतःच्या हाताने नळ सोडून बादली भरतात, यातच मला सर्व खटाटोपाचे सार्थक वाटते.

देखभाल फारशी नाही. काचेवरची धूळ पंधरवड्याने धुवावी लागते, एप्रिलपासून दोन पेट्यांवर जाड कापड बांधावे लागते, आणि ग्लायकॉलचे मिश्रण काही वर्षांनी तपासून बदलावे लागेल.

आमची यंत्रणा पाहून गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या कुटुंबानेही विचारणा केली आहे. त्यांचे घर टेकडीला अधिक लागून, पहिल्या १०० मीटरांच्या आत आहे, त्यामुळे आमच्या अर्जाची नक्कल त्यांना चालणार नाही. त्या क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी मात्र परवानगी मागता येते, आणि घर त्या तारखेपूर्वीचे आहे याचा पुरावा द्यावा लागतो. तिथल्या वहिनींनी सासऱ्यांच्या नावाच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधून काढल्या आहेत. गच्चीऐवजी त्यांच्या दक्षिणमुखी अंगणात जमिनीवरच पेट्या बसतील का, हे पाहायला भावोजी आणि मिस्त्री या रविवारी टेप घेऊन तिकडे जाणार आहेत.